वेशीवरचे माप



आपल्या मंडळाची वार्षिक स्मरणिका वाचक बंधुभगिनींच्या हाती देताना संपादकीयासाठी विषय शोधण्याची वेळ या खेपेस आमच्यावर आली नाही. आपली कुटुंबे ज्या ज्या देशांत जाऊन राहिली आहेत, त्या त्या देशांत निवडणुकीच्या सभेपासून जेवणाच्या टेबलापर्यंत आज एकच प्रश्न चर्चिला जात आहे. बाहेरून येणाऱ्यांपैकी कोणाला आत घ्यावे, किती जणांना घ्यावे आणि आत आलेल्याला कोणते हक्क द्यावेत? 2016 मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, त्यामागे हा प्रश्न होता. अमेरिकेच्या 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत तो अग्रभागी होता. भारतात 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तो रस्त्यावर आणला. सिंगापुरात जानेवारी 2013 मध्ये शासनाने लोकसंख्याविषयक श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली आणि 2030 पर्यंत लोकसंख्या 65 ते 69 लाखांच्या घरात जाईल असे गृहीत धरले. तेव्हा एरवी शांत असणारे येथील नागरिक हजारोंच्या संख्येने हाँग लिम पार्कमध्ये निषेधासाठी जमले.

बेडोक आणि त्याच्या आसपास राहणारी आपली कुटुंबे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उभी आहेत. येथे आपण परवाना मागणारे आहोत. मायदेशातील चर्चेत मात्र आपण परवाना देणाऱ्यांच्या आवाजात बोलतो. आपल्या पासचे नूतनीकरण लांबले, मुलाचा पी. आर.चा अर्ज कारण न देता नाकारला गेला, म्हणजे आपल्याला अन्याय जाणवतो. त्याच दिवशी भारतातील कोणा कागद नसलेल्या मजुराचा विषय निघाला, तर आपल्यातीलच काही जण ‘घुसखोर’ हा शब्द सहज उच्चारून मोकळे होतात. वेशीवर उभ्या असलेल्या माणसाला मोजण्याची ही दोन मापे आहेत. बाबासाहेबांच्या अनुयायांना दोन मापे ठेवता येणार नाहीत, हे सांगण्यासाठी या लेखाचा प्रपंच आहे.

प्रथम सीमेविषयी. देशाची सीमा ही निसर्गाने आखलेली अढळ रेषा आहे, असा समज आपल्या मनात खोलवर रुजलेला असतो. बेडोकमध्ये राहणाऱ्याला तो समज बाळगण्याचे कारण नाही. 1966 पासून येथे समुद्र भरून काढण्याचे काम सुरू झाले. सिगलाप आणि बेडोकच्या टेकड्या फोडून त्यांची माती सरकत्या पट्ट्यांवरून समुद्राकडे नेण्यात आली. टेकड्या सपाट झाल्या तेथे पुढे वसाहत उभी राहिली आणि जेथे लाटा येत तेथे आज ईस्ट कोस्ट पार्क आहे. 1960 च्या दशकात जेमतेम 580 चौरस किलोमीटर असलेले हे बेट आज 730 चौरस किलोमीटरांहून मोठे झाले आहे. जोहोरच्या पुलाचेही तसेच. हा पूल 1924 मध्ये खुला झाला, परंतु त्यावर दोन देशांमधील पारपत्र तपासणी सुरू झाली ती 1967 मध्ये, दोन्ही प्रदेश एकमेकांपासून अलग झाल्यानंतर. सीमा माणसे करतात आणि माणसेच ती बदलतात. म्हणून तिच्याविषयी माणसांनी जाब विचारणे योग्यच ठरते.

याचा अर्थ सीमाच नको, असा मात्र नव्हे. जून 2024 मध्ये या छोट्या बेटावर 60 लाखांहून अधिक माणसे राहत होती. त्यांपैकी सुमारे 36 लाख नागरिक होते, सुमारे साडेपाच लाख पी. आर. होते आणि 18 लाखांहून अधिक आपल्यासारखे किंवा आपल्याहून दुबळे परदेशी होते. घरांच्या किमती, गाड्यांतील गर्दी आणि नोकऱ्यांतील स्पर्धा यांची चिंता वाटणाऱ्या येथील नागरिकाला आपण द्वेष्टा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या राष्ट्राला आपले दार राखता येत नाही, त्याला आपल्या गरिबांचे वेतन आणि आपल्या दवाखान्यांची व्यवस्थाही राखता येत नाही. दार असावे, दारावर पहारेकरी असावा, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे, की पहारेकऱ्याच्या हातात माप कोणते असावे?

या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आपल्याला इतर अनेकांपेक्षा अधिक आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज वेसकर होते. गावाची वेस राखणे, रात्री पहारा देणे, आल्यागेल्याची खबर पाटलाला पोचवणे आणि शिवेचा तंटा उद्भवला म्हणजे शीव कोठून जाते याची साक्ष देणे, ही महाराची वतनी कामे होती. गावाच्या सीमेचे ज्ञान ज्याच्याजवळ सर्वांत पक्के, त्याची स्वतःची वस्ती मात्र वेशीबाहेर! वेस त्याने राखायची, पण तिच्या आत राहायचे नाही. वेशीवरचे माप जेव्हा माणसाच्या जन्मावर ठरते, तेव्हा काय घडते हे आपल्याला ग्रंथांतून शिकावे लागत नाही. त्या वतनाच्या बेडीतून समाजाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, हा इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्याच भूमीत गुन्हेगार जमाती कायद्याने 1871 पासून पुढे कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पोलिसांत हजेरी दिल्याशिवाय आणि पास घेतल्याशिवाय त्यांना गाव सोडता येत नसे. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. परदेशातील कुंपण पाहण्यापूर्वी आपण देशातील कुंपण पाहिलेले आहे.

बाबासाहेब जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा पारपत्राची आजच्यासारखी सक्ती नव्हती. भारतातून बाहेर जाण्यास पारपत्र आवश्यक करणारे नियम महायुद्धाच्या काळात, 1917 मध्ये आले. त्याच 1917 मध्ये अमेरिकेने आशिया खंडाच्या फार मोठ्या भागातील श्रमिकांस प्रवेशबंदी केली. विद्यार्थ्यांना तेवढी सवलत राहिली. कॅनडाने 1908 मध्येच नियम केला होता, की मायदेशाहून थेट, मध्ये न थांबता आलेल्यासच प्रवेश मिळेल. भारतातून अशी थेट बोट जवळजवळ मिळतच नसे, हे ठाऊक असूनच तो केला गेला. 1914 मध्ये ‘कोमागाटा मारू’ ही बोट 376 उतारू घेऊन व्हँकुव्हरला गेली आणि बहुतेकांना किनाऱ्यावर पाऊल न ठेवता परत फिरावे लागले. ही बोट भाड्याने घेणारे गुरदित सिंग हे सिंगापुरात व्यवसाय केलेले गृहस्थ होते. परतीच्या वाटेवर सिंगापूरच्या बंदरातही उतारूंना उतरू दिले गेले नाही आणि कलकत्त्याजवळ बजबज येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली ती 2016 मध्ये. नियमात वंशाचे नाव नव्हते, माप मात्र वंशाचेच होते.

या काळातील आणखी एक खटला आंबेडकरी वाचकांनी लक्षात ठेवावा असा आहे. भगतसिंग थिंद हे अमेरिकी सैन्यात सेवा केलेले पंजाबी गृहस्थ. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे तेथे ‘गोऱ्या’ व्यक्तीस नागरिकत्व मिळे. थिंद यांच्या वतीने न्यायालयात असा युक्तिवाद झाला, की ते उच्च जातीचे आर्य आहेत. उच्च जातीय माणूस खालच्या मानलेल्या वंशाशी विवाहसंबंध करत नाही, म्हणून त्यांना गोरे समजावे. फेब्रुवारी 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. निकाल वंशद्वेषाचा होता, यात शंका नाही. परंतु ज्या वेशीवर आपल्याला अपमान सोसावा लागतो, त्याच वेशीवर आपल्याहून खालच्या मानलेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ असे म्हणण्याचा मोह किती जुना आहे, हे त्या खटल्यातून दिसते. त्या वाटेने प्रवेश मिळत नाही आणि मिळाला तरी माणूसपण उरत नाही.

आता मायदेशाकडे वळू. ऑगस्ट 1949 मध्ये घटना समितीत नागरिकत्वाची कलमे चर्चेस आली. फाळणीचे रक्त अद्याप सुकले नव्हते. लाखो निर्वासित छावण्यांत होते. या कलमांचे अनेक मसुदे करावे लागले आणि मसुदा समितीला त्यांनी फार त्रास दिला, हे बाबासाहेबांनी सभागृहात मोकळेपणाने सांगितले. त्या चर्चेत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी दोन आक्षेप घेतले. एक असा, की केवळ जन्मावर दिलेले नागरिकत्व फार स्वस्त होईल. दुसरा असा, की अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूस व शिखास, तो कोठेही राहत असला तरी, भारताचे नागरिकत्व मिळावे. पंजाबराव हे बहुजनांच्या शिक्षणासाठी झटलेले, अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे राहिलेले थोर पुरुष होते. त्यांचा हेतू निर्वासितांच्या कळवळ्याचा होता, असेच आम्ही मानतो. तरीही सभागृहाने ती सूचना स्वीकारली नाही. पाचव्या कलमात भारतातील वास्तव्य, जन्म आणि आईवडिलांचा जन्म ही मापे आली. पाकिस्तानातून आलेल्यांसाठीच्या सहाव्या कलमात 19 जुलै 1948 ही तारीख आली. धर्माचे नाव कोठेही आले नाही. देशाच्या इतिहासातील सर्वांत कठीण घडीलाही धर्माचे माप वापरल्यावाचून सीमेचा कायदा करता येतो, हे तेव्हा सिद्ध झाले.

त्याच संविधानात आणखी एक भेद आहे, जो परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मुलांना समजावून सांगावा. देशभर संचार करण्याचा, कोठेही राहण्याचा हक्क एकोणिसावे कलम नागरिकांना देते. परंतु कायद्यापुढील समानतेचे चौदावे कलम आणि जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणाचे एकविसावे कलम ‘व्यक्ती’विषयी बोलते. त्या व्यक्तीजवळ पारपत्र आहे की नाही, हे तेथे विचारलेले नाही. राष्ट्राला आपल्या नागरिकांसाठी काही हक्क राखून ठेवता येतात. माणूस म्हणून असलेले हक्क मात्र कोणाच्याही बाबतीत काढून घेता येत नाहीत. सीमेच्या प्रश्नावरची बाबासाहेबांच्या संविधानाची भूमिका इतकी स्पष्ट आहे.

हा सिद्धान्त कागदावरच राहिला नाही, याचा दाखला आपल्या धम्मबांधवांच्याच कहाणीत आहे. पूर्व पाकिस्तानातील चितगाव डोंगराळ प्रदेशात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण बांधले गेले. थेरवादी बौद्ध असलेल्या चकमा लोकांची शेते आणि घरे पाण्याखाली गेली. 1964 पासून त्यांतील हजारो भारतात आले आणि आजच्या अरुणाचल प्रदेशात त्यांना वसवण्यात आले. पुढे तेथील स्थानिक आदिवासींना आपल्या जमिनीची भीती वाटू लागली व चकमांना घालवून देण्याच्या धमक्या सुरू झाल्या. जानेवारी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नागरिक नसलेल्या चकमांच्याही जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. 2015 मध्ये त्यांना नागरिकत्व देण्याचा आदेश न्यायालयाने दिला. स्थानिक आदिवासींची भीती खोटी नव्हती आणि चकमांचा हक्कही खोटा नव्हता. दोन दुबळ्यांच्या भांडणात न्याय करण्यास संविधानाचेच माप उपयोगी पडले.

म्हणून 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविषयी आपण स्पष्ट बोलले पाहिजे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना या कायद्याने नागरिकत्वाची वाट मोकळी केली. त्याचे नियम मार्च 2024 मध्ये जारी झाले. यादीत बौद्धांचे नाव आहे. म्हणून आपण त्यास विरोध का करावा, असे आपल्यातील काही बांधव विचारतात. आमचे उत्तर असे आहे. छळ झालेल्यास आश्रय देणे हे पुण्याचे काम आहे, त्याचे आम्ही स्वागतच करू. परंतु त्या यादीत मुसलमानांचे नाव नाही, मग त्यांच्यातील अल्पसंख्य पंथांचा कितीही छळ झालेला असो. श्रीलंकेतील तमिळ निर्वासित नाहीत. तिबेटमधून आलेले बौद्धही नाहीत, कारण त्यांचा देश त्या तिघांत मोडत नाही. 1949 मध्ये बाजूस ठेवलेले धर्माचे माप सत्तर वर्षांनी पुन्हा दारावर आले. आपले नाव आतल्या यादीत आहे एवढ्यावर जो समाधान मानतो, तो वेशीच्या आत घर मिळालेल्या वेसकरासारखा आहे. उद्या यादी बदलली तर त्याने कोणाकडे दाद मागायची? शिवाय कागदांची परीक्षा सर्वांत आधी गरिबालाच नापास करते. आसामच्या नागरिक नोंदणीत ऑगस्ट 2019 मध्ये 19 लाखांहून अधिक लोक वगळले गेले, आणि त्यांत सर्वच धर्मांचे लोक होते. भूमिहीनाजवळ सातबारा नसतो, भटक्याजवळ जन्मदाखला नसतो, सासरी आलेल्या बाईजवळ माहेरचा पुरावा नसतो. ही माणसे कोणाची आहेत, हे आपल्याला सांगावयास नको.

बौद्ध म्हणून आपण स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. बाबासाहेब 1950 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी कोलंबोस गेले, त्याच्या दोनच वर्षे आधी सिलोनने केलेल्या 1948 च्या नागरिकत्व कायद्याने चहाच्या मळ्यांत राबणारे लाखो भारतीय तमिळ मजूर देशहीन झाले होते. त्यांत दलित जातींतून गेलेल्यांचा भरणा मोठा होता. 1964 मध्ये दोन पंतप्रधानांनी करार करून त्यांतील सव्वापाच लाखांना भारताच्या आणि तीन लाखांना सिलोनच्या वाट्यास दिले. उरलेल्यांचा प्रश्न पूर्णतः सुटण्यास 2003 साल उजाडावे लागले. बाबासाहेब 1954 मध्ये ज्या रंगून शहरी बौद्ध परिषदेसाठी गेले, त्या ब्रह्मदेशात 1982 च्या कायद्याने रोहिंग्यांचे नागरिकत्व हिरावले आणि 2017 मध्ये सात लाखांहून अधिक माणसे प्राण वाचवण्यासाठी बांगलादेशात पळाली. चीवर धारण करणाऱ्या काही जणांनी त्या द्वेषाला वाणी दिली, ही गोष्ट बौद्धांनी लपवू नये. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण कोणते सांगितले आहे, हे आठवावे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि देशत्याग पत्करला. सीमेवरील नदीच्या भांडणातून परागंदा झालेल्या महापुरुषाचे आपण अनुयायी आहोत. त्याचे नाव घेऊन कोणाला देशहीन करणे शक्य नाही.

आता आपण राहतो त्या भूमीकडे येऊ. सिंगापूरच्या नियमांचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे, की ते बहुतांशी आधी सांगितलेले असतात. एम्प्लॉयमेंट पाससाठी सप्टेंबर 2023 पासून गुणांकन पद्धती लागू झाली. किमान पगाराची अट जानेवारी 2025 मध्ये 5,600 डॉलर करण्यात आली. आपल्याला गुण कमी पडले तर दुःख होते, परंतु आपली जात कोणी विचारत नाही. वेशीबाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी ही गोष्ट लहान नाही. शिक्षणाच्या बळावर आपण या दारातून आत आलो, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा.

तथापि पासांची ही शिडी पाहताना बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता आठवल्यावाचून राहत नाही. एम्प्लॉयमेंट पासवाल्यास पत्नी-मुले आणता येतात, मात्र 2018 पासून त्यासाठी 6,000 डॉलर मासिक पगाराची अट आली. त्याखाली एस पास. सर्वांत खाली वर्क परमिट. त्या परवान्यावर आलेल्या कामगारास कुटुंब आणता येत नाही. मालकाला त्याच्यासाठी दरमहा लेव्ही भरावी लागते आणि मलेशियाबाहेरून आलेला असल्यास 5,000 डॉलरची हमी द्यावी लागते. असा कामगार, अगदी पूर्वी कधी त्या परवान्यावर असलेलाही, येथील नागरिकाशी वा पी. आर.शी शासनाच्या अनुमतीवाचून विवाह करू शकत नाही. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, हे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते. येथील नियमाचा हेतू स्थायिक होणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा आहे, जातीचा नाही, हा भेद आम्ही विसरत नाही. परवान्याची पायरी कामावरून ठरते, शिकून ती चढता येते आणि माणूस मायदेशी परतला की ती संपते. जातीची पायरी मरणानंतरही संपत नाही. परंतु कोणी कोणाशी लग्न करावे हे जेथे पायरीवर अवलंबून राहते, तेथे आंबेडकरी माणसाने क्षणभर थांबून विचार करावा, एवढे आम्ही म्हणू.

आम्ही व्यवसायाने डॉक्टर असल्याने या शिडीचे एक रूप आमच्या अधिक जवळचे आहे. घरकाम करणाऱ्या परदेशी भगिनींची दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते; त्यात गर्भधारणा व काही संसर्गजन्य रोग पाहिले जातात. वैद्यकशास्त्रात तपासणी ही उपचाराची पहिली पायरी असते. येथे तिच्या अहवालावर परतीचे तिकीट अवलंबून असते. ज्या डॉक्टरने आजार शोधावा, त्याच्यापासूनच आजार लपवावा असे रुग्णाला वाटू लागले, तर त्यात रुग्णाचे अहित आहे आणि समाजाचेही. 2021 पासून या तपासणीत अंगावरील संशयास्पद जखमा आणि घटलेले वजन पाहण्याचीही जबाबदारी डॉक्टरांवर आली, हे स्वागतार्ह आहे; पहारेकरी रक्षकही होऊ शकतो, हे त्यातून दिसते.

रोगजंतू पारपत्र पाहत नाहीत, हे सिंगापूरला जुने ठाऊक आहे. 1873 च्या पटकीनंतर 1874 मध्ये सेंट जॉन्स बेटावर विलगीकरण केंद्र सुरू झाले आणि पुढे आशियातून येणारे असंख्य मजूर व यात्रेकरू तेथून तपासून आत सोडले गेले. तरीही 2020 मध्ये काय झाले? कामगारांच्या डॉर्मिटऱ्यांत एकेका खोलीत अनेक जण राहत होते. वर्षअखेरीस शासनानेच जाहीर केले, की डॉर्मिटऱ्यांतील सुमारे 3,23,000 रहिवाशांपैकी 47 टक्क्यांना कोरोनाची लागण होऊन गेली होती. तरुण वय आणि चांगले उपचार यांमुळे मृत्यू फार थोडे झाले, याचे श्रेय येथील आरोग्यव्यवस्थेला दिलेच पाहिजे. त्याच वर्षी 18 मार्चला जोहोरची वाट बंद झाली आणि रोज ये-जा करणाऱ्या मलेशियन कामगारांची कुटुंबे दोन वर्षांच्या आसपास दुरावली. त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात टाळेबंदीमुळे परराज्यांतील मजूर पायी गावी निघाले आणि 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या 16 जणांना मालगाडीने चिरडले. ते स्वतःच्या देशात होते, नागरिक होते, मध्य प्रदेशातील आपल्या घरी चालले होते. वेशी बंद करताना सर्वांत आधी कोणाचा विसर पडतो, हे दोन्ही देशांत सारखेच दिसून आले.

वर्क परमिटवर येणाऱ्या कामगाराची खरी वेस विमानतळावर नसते; ती गावातील एजंटाच्या ओट्यावर असते. येथील कायद्याने सिंगापूरच्या एजंटाचे शुल्क कराराच्या दर वर्षामागे एक महिन्याचा आणि जास्तीत जास्त दोन महिन्यांचा पगार एवढेच ठरवले आहे. मायदेशातील दलालाला तो कायदा लागू होत नाही. जमीन गहाण टाकून, सावकाराचे कर्ज काढून आलेला माणूस मालकाने जाच केला तरी तक्रार करीत नाही. कारण नोकरी गेली तर परवाना जातो, परवाना गेला तर परतावे लागते आणि परतले तर कर्ज फिटत नाही. भारताच्या 1983 च्या स्थलांतर कायद्यान्वये दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर तपासणीची अट ठेवून काही ठरावीक देशांपुरते संरक्षण दिले गेले. आखाती देश आणि मलेशिया त्या यादीत आहेत, सिंगापूर नाही. कमी शिकलेल्यासाठी दारे अरुंद आणि संरक्षणही अपुरे, अशी ही स्थिती आहे.

म्हणून सीमेच्या कोणत्याही नियमास, तो सिंगापूरचा असो वा भारताचा, अमेरिकेचा असो वा ब्रह्मदेशाचा, आपण तीन प्रश्न विचारावेत. नियम आधी सांगितलेला व सर्वांना कळणारा आहे काय? माणसाला तो जन्म, वंश वा धर्म यांवर मोजतो काय? आणि आत घेतलेल्या माणसाला, तो कितीही खालच्या पायरीवर असो, माणूस म्हणून वागवतो काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी, दुसऱ्याचे नकारार्थी आणि तिसऱ्याचे होकारार्थी असेल, तर आपल्याला नकार मिळाला तरी तो नियम आपण मानावा. तसे नसेल, तर आपल्याला प्रवेश मिळाला तरी त्या नियमाविरुद्ध बोलावे.

विचाराला आचाराची जोड हवी. आमच्या मते आपल्या मंडळाने येत्या वर्षात काही गोष्टी हाती घ्याव्यात. गावाकडून कोणी परदेशी निघत असेल, तर करारपत्र आणि पगाराचा आकडा त्याला मराठीत समजावून सांगणारे दोन-तीन कार्यकर्ते मंडळात असावेत. बुद्धपौर्णिमेस आणि भीमजयंतीस डॉर्मिटरीतील कामगारांना पाहुणे म्हणून बोलवावे. वाढपी म्हणून नव्हे. आपल्यातील डॉक्टरांनी महिन्यातून एक रविवार त्यांच्यासाठी द्यावा. आणि सर्वांत आधी आपल्या घरापासून प्रारंभ करावा. आपली मुले सांभाळणारी ताई इंडोनेशियाची, फिलिपाइन्सची वा म्यानमारची असेल; म्यानमारची असेल तर कदाचित आपल्यासारखेच त्रिसरण म्हणत असेल. तिची साप्ताहिक सुटी 2013 पासून कायद्याने मान्य झाली आहे. जानेवारी 2023 पासून महिन्यातील निदान एक सुटी पैसे देऊनही रद्द करता येत नाही. ती सुटी तिला कुरकुर न करता मिळते काय? तिचे पारपत्र तिच्याजवळ असते काय? ती आपल्याच ताटांत जेवते काय? वेगळ्या कपबशीचा इतिहास ज्यांना आहे, त्यांच्या घरात वेगळी कपबशी असता कामा नये.

आपल्यापैकी काही कुटुंबे आज मोठ्या निर्णयाशी येऊन ठेपली आहेत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. येथील नागरिक व्हायचे तर ज्या पारपत्रावर आपण आलो ते परत करावे लागते. मुलगा पी. आर. झाला तर त्याला राष्ट्रीय सेवा करावी लागते. कोणी थांबेल, कोणी परतेल, कोणी पुढच्या देशी जाईल. हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. त्यात कृतघ्नता नाही की देशद्रोहही नाही. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडण्याचे बळ दिले, ते कोठेही मान ताठ ठेवून उभे राहण्यासाठी. फक्त एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : आपण ज्या दारातून आत आलो, ते दार आपल्यामागून येणाऱ्याच्या तोंडावर लावणाऱ्यांत आपला हात नसावा, आणि मायदेशात कोणाला ‘बाहेरचा’ म्हणून मोजले जाईल तेव्हा आपल्यासाठी आपण जे माप मागतो, तेच माप त्याच्यासाठीही मागण्याचे धैर्य आपल्यात असावे.

जय भीम! नमो बुद्धाय!

— संपादक